कोलाम शोधायला गेलो तं तलाव निघाला: बहाऊ लोकांची माहिती काढायची कशी

पहिलेच सांगून ठेवतो, मी काही भाषातज्ज्ञ वगैरे नाही. झरी जामणी तालुक्यात कापूस आणि तूर, अन् संध्याकाळी गावातल्या अभ्यासिकेत पोट्ट्यांना मोबाईलवर फॉर्म भरणं, माहिती शोधणं असलं काहीबाही शिकवत असतो. मागच्या उन्हाळ्यात पोडावरची (पोड म्हणजे कोलाम आदिवासींची वस्ती, त्यांची भाषा कोलामी) एक पोरगी म्हणाली, सर आमची कोलामी नेटवर हाय का पहा ना. म्हटलं पाहू. इंग्रजीत कोलाम टाईप केलं तर पहिले पानभर तमिळ बायांच्या रांगोळ्या, कारण तिकडं दारातल्या रांगोळीला कोलम म्हणतात, आणि त्याच्या खाली सगळे पोहायचे तलाव आणि मत्स्यपालनाचे हौद, तेही कुठले तर इंडोनेशियाचे. त्यांच्या भाषेत कोलाम म्हणजे तलाव. पोरगी हसून हसून बेजार.

मी दोनचार मत्स्यपालनाचे व्हिडिओ पाहिले (शेततळं आहे ना आपल्याकडं, म्हटलं शिकू काही), तर मोबाईलने आपणच पुढचा व्हिडिओ लावला. त्यात माणसं डोक्यापासून पायापर्यंत केळीच्या चिरलेल्या पानांनी झाकलेली, तोंडावर लाकडाचे मुखवटे, मोठमोठे कान, चोचीसारखं नाक, आणि धबाधबा पाय आपटत नाचून राहिले. खाली नाव होतं दायाक बहाऊ, म्हणजे इंडोनेशियात बोर्निओ बेटावर राहणारा एक समाज. तिथून मी जो घुसलो तो वर्षभर बाहेर निघालो नाही, आणि त्यात ज्या चुका केल्या त्या तुम्ही करू नका म्हणून हे लिहून राहिलो. लहान भाषेची, लहान समाजाची माहिती काढायची एक पद्धत असते आणि ती एकदा हाताला बसली की मग बहाऊ काय आणि कोलाम काय, सारखंच.

सगळ्यात पहिला घोळ नावाचा. देवनागरीत बहाऊ टाकलं की सासू-सुनेच्या मालिका येतात, मोबाईलला वाटतं तुम्ही बहू म्हणताय. इंग्रजी अक्षरात टाकताना शेवटच्या यू-आधीचा ए राहिला की खांदे दुखण्याचे उपाय येतात, कारण इंडोनेशियन भाषेत बाहू म्हणजे खांदा. हा आपलाच बाहू आहे, संस्कृतातून तिकडं गेलेला, फक्त दंडावरून सरकून खांद्यावर जाऊन बसला. आणि स्पेलिंग बरोबर लिहिलं, बी-ए-एच-ए-यू, तरी सुटका नाही. मलेशियात नेगरी सेम्बिलान राज्यात बहाऊ नावाचं एक शहर आहे, त्याचा या लोकांशी संबंध नाही. बोर्निओ बेटावरच उत्तर कालिमांतान प्रांतात बहाऊ नावाची नदी आहे, ती कायान नदीला जाऊन मिळते. आणि आपल्याला पाहिजेत ते बहाऊ लोक राहतात पूर्व कालिमांतानमध्ये महाकाम नदीच्या काठानं, म्हणजे दुसऱ्याच नदीवर. मी पहिले पंधरा दिवस तिन्हीची माहिती एकाच वहीत लिहून ठेवली होती, शहराची लोकसंख्या सुद्धा या लोकांच्या नावावर टाकली होती. ती पानं फाडली.

म्हणून नावानं शोधू नका, नदीनं शोधा. किंवा तालुक्यानं. नाव कोणीही कोणालाही देते पण नदी जागची हलत नाही. बहाऊ सोबत महाकाम हा शब्द टाकला की निम्मा कचरा आपोआप जातो, आणि गावांची नावं टाकली की उरलेला. त्यांच्या भागात लोंग बागून, लोंग पाहांगाई, लोंग हुबुंग, लोंग इराम अशी गावं आहेत, मला आधी वाटलं हे लोंग म्हणजे आडनाव असंल, तर लोंग म्हणजे जिथं एक नदी दुसरीला मिळते ती जागा. आपल्याकडं संगम म्हणतो तसं. गावाच्या नावातच पत्ता असतो त्यांच्या, अमुक ओढ्याचा संगम, तमुक नाल्याचा संगम, त्यामुळे नकाशावर ओढा सापडला की गाव सापडलंच.

आता जिल्ह्याचं एक सांगतो कारण इथं लय जण फसतात. बहाऊ लोकांचा बराचसा भाग आज महाकाम उलू नावाच्या जिल्ह्यात येतो, उलू म्हणजे नदीचा वरचा अंग, पण हा जिल्हा २०१३ च्या कायद्यानं झाला, त्याआधी तो कुताई बारात जिल्ह्यात होता, आणि तो कुताई बारात पण १९९९ मध्ये मोठ्या कुताईतून निघालेला. मग जुना कागद शोधताना नवीन जिल्ह्याचं नाव टाकलं तर काय मिळणार, घंटा. आपल्याकडं गडचिरोली १९८२ ला चंद्रपूरमधून निघाला, त्याच्या आधीचं गडचिरोलीचं काही पाहायचं तर चंद्रपूर, नाहीतर त्याचं जुनं नाव चांदा म्हणून शोधावं लागते, तसंच हे. वहीत एक पान फक्त जुन्या-नव्या नावांचं ठेवा, लय कामी येते.

दुसरी युक्ती कोडची. जगातल्या भाषांना तीन-तीन अक्षरांचे कोड दिलेले आहेत, माणसाला आधार नंबर तसा. बहाऊचा बी-एच-व्ही. आपल्या यवतमाळ-वर्धाकडच्या कोलामीचा के-एफ-बी, कोरकूचा के-एफ-क्यू, बुलढाण्याच्या जळगाव जामोदकडची निहाली एन-एल-एल. ग्लॉटोलॉगसारख्या, जगातल्या भाषांची यादी असलेल्या साईटवर हा कोड टाकला की रांगोळ्या नाही, तलाव नाही, खांदे नाही, थेट भाषा. तिथं त्या भाषेचं खानदान पण दिसते. बहाऊ ही कायान गटातली, म्हणजे कायान, मोडांग, मुरिक या तिच्या भावकीतल्या, आणि सगळं मिळून ऑस्ट्रोनेशियन नावाच्या अफाट कुटुंबात, जे मादागास्करपासून हवाईपर्यंत पसरलेलं आहे. अर्धी पृथ्वी समजा.

तिसरं, त्यांच्या सरकारी भाषेत शोधा. इंग्रजीत दोन पानं असतील तर इंडोनेशियनमध्ये दोनशे असतात. चार शब्द पाठ करा: सुकू म्हणजे जमात, बाहासा म्हणजे भाषा, सुंगाई म्हणजे नदी, काबुपातेन म्हणजे जिल्हा. लोककथा पाहिजे तर चेरिता राक्यात. हा राक्यात म्हणजे आपली रयत, अरबीतून दोन्हीकडं गेला. पान उघडलं की मोबाईल मराठीत भाषांतर करून देतो, भाषांतर बावळट असते पण अंदाज येतो. फक्त बहाऊ भाषेतला मजकूर इंडोनेशियन समजून त्याच्यात कोंबू नका, तो वाट्टेल ते बनवून देतो आणि आपल्याला खरं वाटते.

आणि अगदी जुनं पाहायचं असंल तर डच स्पेलिंग. तिथं डच लोकांचं राज्य होतं, ते उ लिहायला ओ-ई अशी दोन अक्षरं वापरत, इंडोनेशियानं ती १९४७ मध्ये बदलली, मग १९७२ मध्ये च आणि ज ची अक्षरं बदलली. म्हणून कुताईसाठी ओ-ई टाकून पाहा. न्यूवेनहाउस नावाचा एक डच डॉक्टर १८९६-९७ मध्ये बोर्निओच्या पश्चिम किनाऱ्यावरून आत शिरून महाकाम नदीनं पूर्वेला सामारिंदापर्यंत उतरला होता, वाटेत या बहाऊ-कायान लोकांमध्येच राहिला, औषधपाणी करत. त्याच्या सोबतच्या फोटोग्राफरनं, देमेनी त्याचं नाव, काढलेले फोटो आजही पाहायला मिळतात. फोटो पाहताना साल पाहायचं विसरू नका बरं. सव्वाशे वर्षांआधीचा फोटो लावून खाली "हे लोक आजही असे राहतात" लिहिणारे चॅनेल पन्नास आहेत. आपल्या मेळघाटाचं गडचिरोलीचं हेच करतात, आपल्याला राग येते, मग दुसऱ्याचं पाहताना तेवढी अक्कल ठेवा.

आजचं सांगायचं तर बरेच बहाऊ कॅथलिक आहेत. महाकाम काठच्या लाहाम गावी १९०७ मध्ये मिशन सुरू झालं होतं. आणि चर्चमध्ये जाणारी तीच माणसं भाताची पेरणी झाली की हुदो, म्हणजे तो व्हिडिओतला मुखवट्यांचा नाच, तो पण नाचतात, त्यांना त्यात काही अडचण वाटत नाही. दायाक हे नाव सुद्धा जपून वापरा, बोर्निओच्या आतल्या शेकडो समाजांना मिळून बाहेरच्यांनी दिलेलं नाव आहे ते, आपल्याकडं आदिवासी म्हटलं की गोंड, कोलाम, परधान, कोरकू सगळे एका पोत्यात, तसं. बहाऊमध्ये पण आतून सा, बुसांग, बाते असे गट आहेत. त्यातली बुसांग ही वरच्या महाकामला वेगवेगळ्या समाजांची एकमेकांशी बोलायची बाजारभाषा झाली होती, म्हणून जुन्या कागदात कोणी "बहाऊ भाषा" लिहिलं असंल तर ती नक्की कोणती हे विचारून घ्यावं.

आता हुदो. हे लिहिताना इंग्रजीत शेवटी क्यू असतो, एच-यू-डी-ओ-क्यू, आणि आपण मराठी माणसं लगेच हुडोक वाचतो. क नाही तो. पन्नास किलोचं पोतं खांद्यावर घेताना एक क्षण श्वास घशात अडकते ना, तेवढाच तो अडका. हुदो, आणि तिथंच गपकन बंद. मातालिबा, लोंग तुयो या गावांच्या नावात पण शेवटी तोच क्यू. देवनागरीत त्याला अक्षर नाही म्हणून मी वहीत शेवटी एक उभी बारीक रेघ मारतो, तुम्ही काहीही मारा, पण एकच चिन्ह ठरवा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. मी मध्येच चिन्ह बदललं होतं आणि नंतर मलाच माझी वही वाचता आली नाही.

हुदो कशासाठी तर त्यांची शेती कोरडवाहू भाताची. पुरुष टोकदार काठीनं जमिनीत भोकं पाडत पुढं जातात आणि बाया मागून बी टाकत येतात. आपण सरकी टोबतो, अगदी तसंच, तासाला तास. ते झालं की मुखवटेवाले येतात, ते म्हणजे वरच्या जगातून आलेले, भाताला राखायला, कीड-उंदीर पळवायला. वाचलं तेव्हा मला काय आठवलं सांगू? पोळ्याचा दुसरा दिवस. दाराशी लावलेले पळसाचे मेढे, म्हणजे पळसाच्या फांद्या, सकाळी सकाळी उचलायचे आणि गावाबाहेर नेऊन फेकायचे, ईडा पीडा रोगराई घेऊन जा गे मारबत. पेरलेलं रान उभं आहे, आता रोगराई गावाबाहेर. ते आत बोलावतात, आपण बाहेर काढतो, एवढा फरक. पण इथं थांबा. सारखं दिसलं म्हणून ते आपल्याकडून गेलं किंवा आपण त्यांच्याकडून आणलं असं लिहायला जाऊ नका. कीड सगळीकडं असते म्हणून कीड पळवायच्या रीती पण सगळीकडं असतात.

शब्दांचं पण तसंच, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं म्हणून जरा सावकाश वाचा. व्हॉट्सअॅपवर एक मेसेज फिरते की इंडोनेशियात सगळे संस्कृत बोलतात, गुरू, राजा, बाहासा, इस्त्री म्हणजे बायको, सुआमी म्हणजे नवरा. हे शब्द खरे आहेत. एवढंच नाही, बहाऊ लोकांच्याच महाकाम नदीवर खाली मुआरा कामान नावाच्या गावी दगडाचे यूप सापडले, यज्ञाचे खांब, सात आहेत, त्यावर मूलवर्मन राजाचे संस्कृत लेख, त्यानं ब्राह्मणांना वीस हजार गाई दिल्याचा उल्लेख आहे. काळ चौथं-पाचवं शतक. म्हणजे इकडं रामटेकजवळ नंदिवर्धनला वाकाटकांचं राज्य होतं तेव्हा तिकडं महाकामच्या काठी संस्कृत कोरून राहिले होते. भारी आहे, मीही दोन दिवस सगळ्यांना सांगत फिरलो.

पण राजदरबारात गेलेला शब्द वेगळा आणि घरातला शब्द वेगळा. नातं पाहायचं तर गुरू-राजा बाजूला ठेवा, डोळा, हात, पाणी, एक-दोन-पाच हे काढा, कारण हे शब्द कोणी सहसा उसने घेत नाही. इंडोनेशियनमध्ये डोळा म्हणजे माता. मादागास्करला मासो, न्यूझीलंडच्या माओरीत माता, हवाईत माका. हे झालं घराणं. आता दोन घ्या. इंडोनेशियनमध्ये दोन म्हणजे दुआ. आपण म्हणतो पाहा, द्वि! सापडलं! नाही सापडलं. तोच शब्द माओरीत रुआ, हवाईत लुआ, मादागास्करला रुआ, म्हणजे तो त्यांच्याच घराचा आहे आणि आपल्या द्विशी त्याचं दिसणं निव्वळ योगायोग. एका शब्दावर नातं जोडायचं नाही, लग्न जुळवताना पण आपण चार ठिकाणी विचारतो.

हीच चाळणी मग मी कोलामीला लावली. पोडावर जाऊन घर, पाणी, डोळा विचारलं. घर एल्ला, पाणी ईर, डोळा कन. बाजूला तेलुगू मांडा: इल्लु, नीरु, कन्नु. आपल्या भागात बरेच जण म्हणतात कोलामी म्हणजे बिघडलेली तेलुगू. बिघडलेली काहून? चुलत बहीण आहे ती, दोघी द्रविड घराण्यातल्या, शाखा वेगळ्या. बहाऊ म्हणजे गावठी इंडोनेशियन असं म्हणणारे तिकडं पण असतीलच. सरकारी भाषेच्या शेजारी राहणाऱ्या लहान भाषेच्या नशिबी हे असतेच. २०११ च्या जनगणनेत कोलामी बोलणारे १ लाख २८ हजार निघाले, पण निहालीचं नावच वेगळं नाही, कारण दहा हजाराच्या आत बोलणारे असले की ती भाषा यादीत दिसतच नाही. तर सरकारी यादीत नाही म्हणून भाषा नाही असं समजू नका.

आता तुम्हाला गावात बसून काही टिपायचंच असंल तर माझा अनुभव ऐका. पहिल्या दिवशी मी पोडावरच्या एका म्हाताऱ्या आबाजींच्या समोर मोबाईल धरला आणि शंभर शब्दांची यादी वाचत गेलो, याला काय म्हणता, त्याला काय म्हणता. अर्ध्या तासात आबाजी कंटाळले. म्हणाले, "बाबू, मी शाळेत नाई गेलो तं आता काहून परीक्षा घेऊन राह्यला?" आणि रेकॉर्डिंग ऐकलं तर मागं कूलरचा भर्रर आवाज, एकही शब्द धड नाही. दुसऱ्या खेपेला कूलर नाही, मोटारपंप नाही, मोबाईल एरोप्लेन मोडवर (मध्येच लोनवाल्याचा फोन येतेच), रेकॉर्डरच्या सेटिंगमध्ये डब्ल्यू-ए-व्ही (आवाज न दाबता ठेवणारी फाईल) निवडलेलं, आणि यादी खिशात. आबाजी दोर वळत बसले होते, तर म्हटलं दोरच सांगा, कसा वळता. मग हात चालले आणि तोंड चाललं. वळणं, पीळ, सैल, ताण, तुटणं, सगळं आपोआप आलं, आणि वाक्यात आलं. माझ्या यादीत यातला एकही शब्द नव्हता.

परवानगी आधी घ्या आणि तीही रेकॉर्डमध्येच घ्या, त्यांच्या भाषेत, कशासाठी टिपतो, कोणाला ऐकवणार. मयताची गाणी, देवाचं काही असंल तर बंद करा म्हटलं की लगेच बंद. हुदोचे व्हिडिओ पण डीजेच्या गाण्यावर चिकटवून टाकणारे पोट्टे आहेत, मी एकाला रागावलो, त्याच्या देवकार्याचा असा केला तर चालंल का म्हणून. फाईलला नाव लगेच द्या: तारीख, पोड, कोण बोललं त्याचं फक्त पहिलं अक्षर, कशाबद्दल. "रेकॉर्डिंग सत्तेचाळीस" असलं नाव ठेवलं तर महिन्यानं तुम्हालाच समजणार नाही. एक कॉपी मेमरी कार्डात, एक दुसऱ्याच्या घरी. आणि पहिली कॉपी ज्याचा आवाज त्याच्या नातवाच्या मोबाईलमध्ये टाका, तुमच्या आधी.

शेवटी एक दिवस आबाजींना हुदोचा व्हिडिओ दाखवला. चष्मा नाकावर सरकवून पूर्ण पाहिला त्यांनी, दोनदा.

"हे पानं कायचे व्हय?"

"केळीचे, आबाजी."

"पेरणी झाल्यावर करते म्हन्ते?"

"हो. कीड पळवाले."

आबाजी थोडा वेळ काही बोलले नाही. मग दोर पुन्हा हातात घेतला आणि म्हणाले, "मंग तिकडं पळस नसंन."